अकाउंटंटला व्हेंचर कॅपिटलमध्ये जागा आहे का?

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय, अकाउंट्स किंवा ऑडिट करणारी माणसं विचारतायत की व्हेंचर कॅपिटलमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांमध्ये दुसऱ्यांचे पैसे गुंतवणाऱ्या फंडांमध्ये, आणि फंड मॅनेजमेंटमध्ये शिरायचं कसं. मी स्वतः सात वर्षं ऑडिट केलं, मग एका फंडात हिशोब सांभाळणारी कंट्रोलर होते, मग त्याच फंडाच्या गुंतवणुकीच्या टीममध्ये गेले, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि काही उत्तरं लांबलीत. सहा पत्रं निवडलीत.

प्रश्न: ताई, ऑडिटमध्ये सहा वर्षं झाली, आता मॅनेजर आहे. वर्षभरात चौदा फंडांना अर्ज केले, दोघांनीच उत्तर दिलं, त्यातल्या एकानं तर तोंडावर सांगितलं की अकाउंटंट मागे बघतात, आम्हाला पुढे बघणारा माणूस हवाय. हे खरं आहे का? मला उशीर झालाय का?

उत्तर: उशीर अजिबात झालेला नाही. आणि ते जे वाक्य तुम्हाला ऐकवलं ते अर्धं खरं आहे, कुठलं अर्धं ते समजून घ्या म्हणजे पुढचा अर्ज वेगळा होईल.

माझ्या पहिल्या इन्व्हेस्टमेंट मीटिंगचं सांगते. एक सॉफ्टवेअर कंपनी होती, तिचं मॉडेल, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या अंदाजाची शीट, मला तपासायला दिलेलं. मी दोन रात्री बसून तीन चुका काढल्या, वार्षिक कराराचे पैसे ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात अख्खं उत्पन्न दाखवलेलं, सर्व्हरचा खर्च ग्रॉस मार्जिनच्या (थेट खर्च वजा करून उरणाऱ्या नफ्याच्या) खाली ढकललेला, आणि संस्थापकांचे पगार धरलेलेच नव्हते. गुंतवणुकीचा निर्णय घेणाऱ्या पार्टनरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, हे तीनही दुरुस्त केल्यावर कंपनी कशी दिसते, आणि सगळं मनासारखं झालं तर सात वर्षांनी ती केवढी असेल? पहिल्या भागाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं नव्हतं, त्या बाजूनं मी एक मिनिटसुद्धा विचार केला नव्हता, कारण ऑडिटमध्ये हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आता त्या पार्टनरला तो प्रश्न का पडतो ते आकड्यात बघा. समजा १०० कोटींचा फंड आहे, २५ कंपन्यांमध्ये ४-४ कोटी घातले, फी वगैरे बाजूला ठेवू. १५ कंपन्या बुडाल्या, काहीच परत आलं नाही. ७ कंपन्यांनी दीडपट दिले, म्हणजे ४२ कोटी. २ कंपन्यांनी पाचपट, ४० कोटी. आणि एका कंपनीनं चाळीसपट, १६० कोटी. एकूण २४२ कोटी, चांगला फंड. आता ती एक कंपनी काढून टाका, राहतात ८२ कोटी, म्हणजे बाकी चोवीस कंपन्या कितीही काळजीपूर्वक निवडल्या असल्या तरी फंड तोट्यात. आकडे मी गणित कळावं म्हणून सोयीचे घेतलेत, पण धंद्याची ठेवण अशीच असते आणि अगदी सुरुवातीपासून अशीच आहे. १९४६ साली जॉर्ज डोरिओ यांच्या नावाशी जोडलेली अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही व्हेंचर कॅपिटल कंपनी सुरू झाली, तिनं १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीमध्ये ७० हजार डॉलर घातले, आणि पुढे त्या एका गुंतवणुकीनं बाकी सगळ्या गुंतवणुकींना झाकून टाकलं.

म्हणून इथे बुडालेल्या कंपनीत जातं ते घातलं तेवढंच, पण सोडलेली कंपनी कितीला पडेल त्याला काही सीमा नाही. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स नावाचा जुना फंड आहे, त्यांनी नाकारलेल्या कंपन्यांची यादी ते स्वतःच जाहीर करतात, त्यात गूगल आहे, ॲपल आहे, आणि फेडएक्सला तर सात वेळा नाही म्हटल्याचं लिहिलंय. आपण ऑडिटवाले दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो, आणि आपल्या कामात ते बरोबरच आहे. पण फंडात "नाही" म्हणणं फुकट नसतं, ही सवय बदलली नाही तर अर्जाला उत्तर येणं कठीण आहे.

पण म्हणून आकड्यांतून आलेला माणूस तिथे चालत नाही असं अजिबात नाही. रोएलॉफ बोथा यांचं उदाहरण घ्या. शिक्षण ॲक्चुअरियल सायन्सचं, म्हणजे विम्याची जोखीम मोजायचं, आपल्यापेक्षाही कोरड्या आकड्यांचं, मग ते पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीचे सीएफओ, म्हणजे आर्थिक प्रमुख, झाले, २००२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा हिशोबाची बाजू त्यांच्याकडे होती, २००३ मध्ये सिक्वोया या व्हेंचर फंडात गेले आणि २००५ मध्ये यूट्यूबमधली गुंतवणूक त्यांनी केली, जी कंपनी पुढच्याच वर्षी गूगलनं १.६५ अब्ज डॉलरला घेतली. मधली पायरी बघा. एका वाढत्या कंपनीच्या आत बसून, पैसे कसे संपतात आणि ग्राहक कसा येतो हे त्यांनी आधी बघितलं.

तुम्ही काय करायचं तर पहिलं म्हणजे जाहिरात बघून अर्ज करणं कमी करा. फंड चालवणाऱ्या कंपन्या छोट्या असतात, कित्येक ठिकाणी सगळी मिळून दहा-पंधरा माणसं, वर्षाला एखादी जागा निघते आणि ती ओळखीत भरली जाते. दुसरं, एकच क्षेत्र धरा, ज्यात तुमचे ऑडिट क्लायंट होते म्हणून तुम्हाला धंदा आतून कळतो, मग ते हॉस्पिटल असो, लॉजिस्टिक्स असो, पेमेंट्स असो. क्लायंटची माहिती वापरायची नाही, एक आकडासुद्धा नाही, फक्त धंद्याची समज वापरायची. त्या क्षेत्रातल्या एका नव्या कंपनीवर दर महिन्याला दोन पानं लिहा, शेवटी स्पष्ट लिहा की मी पैसे घातले असते की नसते आणि का. सहा महिन्यांनी सहा निर्णय तुमच्या हातात असतील, ते त्या क्षेत्रात गुंतवणूक करणाऱ्या असोसिएटला, म्हणजे फंडातल्या ज्युनिअर माणसाला, पाठवा, पार्टनरला नको, असोसिएटला, कारण नव्या कंपन्या शोधायचं काम त्याच्या डोक्यावर असतं. आणि तिसरं, तुमच्याच फर्ममध्ये ट्रान्झॅक्शन सर्व्हिसेस किंवा ड्यू डिलिजन्सची (व्यवहाराआधी कंपनी तपासून बघणारी) टीम असेल तर आधी तिथे बदली मागा. तिथे दीड-दोन वर्षं काढलेल्या माणसाकडे फंड वेगळ्या नजरेनं बघतात, कारण त्यानं विकत घेणाऱ्याच्या बाजूनं आकडे बघितलेले असतात.

प्रश्न: नमस्कार ताई, मी एका फंड ॲडमिनिस्ट्रेटरकडे चार वर्षं काम करतेय. कॅपिटल कॉल (गुंतवणूकदारांकडून पैसे मागवणं), एनएव्ही (फंडाची निव्वळ किंमत), डिस्ट्रिब्युशन (पैसे परत वाटणं), एलपींची म्हणजे फंडात पैसे घालणाऱ्यांची स्टेटमेंट्स, सगळं मीच करते. गुंतवणुकीच्या बाजूला जायचंय पण सगळे म्हणतात बॅक ऑफिसमधून तिकडे कुणी घेत नाही. आणि कॅरीचं, म्हणजे नफ्यातल्या फंडवाल्यांच्या वाट्याचं, गणित मला येतं तरी मुलाखतीत नीट समजावून सांगता आलं नाही.

उत्तर: खोटं सांगणार नाही, फंड अकाउंटिंगमधून थेट गुंतवणुकीच्या टीममध्ये जाणारी माणसं थोडीच असतात. मी गेले ते एका छोट्या फंडात होते म्हणून, तिथे सहा माणसं होती आणि कामाच्या भिंती पातळ होत्या. मोठ्या फंडात त्या भिंती जाड असतात. त्यामुळे तुम्हाला तिकडेच जायचं असेल तर छोट्या, पहिल्या किंवा दुसऱ्या फंडात फायनान्सची नोकरी घ्या, आणि घेतानाच सांगा की डील मीटिंगला मला बसू द्या. नंतर मागितलं की मिळत नाही.

पण त्याआधी एक विचारते, तुम्हाला खरंच गुंतवणूक करायचीय की फंडाच्या मध्यभागी असायचंय? कारण फंडाचा सीएफओ हे स्वतःच फार मोठं काम आहे आणि तिथपर्यंत जायचा तुमचा रस्ता सरळ आहे. फंडाचा करार शब्दन् शब्द वाचलेला माणूस बहुतेक वेळा तोच असतो, डील टीमनं तो कधीतरी चाळलेला असतो.

आता कॅरीचं, हे मुलाखतीत आकड्यातच सांगा, व्याख्या सांगू नका. समजा एलपींनी १०० कोटी दिले, सगळे पहिल्याच दिवशी, पाच वर्षांनी एकदम २०० कोटी परत आले. हर्डल, म्हणजे एलपींना आधी मिळायचा किमान परतावा, ८ टक्के चक्रवाढीनं, कॅरी २० टक्के, पूर्ण कॅच-अप. आधी एलपींना त्यांचे १०० कोटी. मग पाच वर्षांचा हर्डल, ४६.९३ कोटी. मग कॅच-अप, म्हणजे जीपीला (फंड चालवणाऱ्यांना) सलग इतके पैसे की आत्तापर्यंतच्या नफ्यात त्याचा वाटा २० टक्के होईल, ते येतात ११.७३ कोटी. राहिले ४१.३४ कोटी, ते ८०-२० वाटायचे, जीपीला ८.२७. जीपीचे एकूण बरोबर २० कोटी, म्हणजे १०० कोटी नफ्याचे २० टक्के. आता करारातली कॅच-अपची एक ओळ पुसून टाका. १४६.९३ एलपींना गेले, राहिले ५३.०७, त्याचे २० टक्के म्हणजे १०.६१ कोटी. एका ओळीत जवळजवळ साडेनऊ कोटी इकडचे तिकडे झाले! हे तुम्ही पेन घेऊन कागदावर दोन मिनिटांत करून दाखवलं की समोरचा माणूस पुढे सरकून बसतो, मी बघितलंय.

आणि त्याला जोडून हेही सांगा की हर्डल मोजायची तारीख कुठली धरायची यावर भांडणं होतात. आमच्या एका फंडात करारात लिहिलेलं की पैसे फंडाच्या खात्यात जमा झाल्यापासून, आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या शीटमध्ये कॉल नोटीसची तारीख धरलेली. प्रत्येक कॉलला दहा-बारा दिवसांचा फरक, दिसायला काहीच नाही, पण अठरा कॉल आणि सात वर्षं म्हटल्यावर हर्डलचा आकडा चांगलाच फुगला होता. मी ते पकडलं कारण मी एकेका एलपीचं बँक क्रेडिट शीटला लावून बघत होते. तुम्ही हे रोज करता. सीव्हीमध्ये "एनएव्ही तयार केले" असं लिहू नका, असा एखादा प्रसंग लिहा, नावं न घेता.

अजून एक. टीव्हीपीआय आणि डीपीआय या फंडाचा परतावा मोजायच्या दोन आकड्यांमधला फरक तुमच्याइतका कुणाला आतून कळत नाही, टीव्हीपीआयमध्ये कागदावरची किंमतही धरलेली असते आणि डीपीआय म्हणजे एलपीच्या हातात खरोखर पडलेला पैसा. सुरुवातीची काही वर्षं फी जाते आणि परत काही येत नाही म्हणून फंड तोट्यातच दिसतो, जे-कर्व्ह म्हणतात ते हेच. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, त्यामुळे कॅरीचा पहिला पैसा हातात यायला सात-आठ वर्षं सहज जातात आणि तुमचा वाटाही वर्षावर्षानं व्हेस्ट होतो, म्हणजे थोडा थोडा तुमच्या नावावर होतो. घरखर्चाचं गणित कॅरीवर बसवू नका, पगारावरच बसवा.

प्रश्न: सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) करू की एमबीए? की एखादा व्हेंचर कॅपिटलचा ऑनलाइन कोर्स पुरेल?

उत्तर: तुमच्याकडे अकाउंटिंगची पात्रता आधीच आहे, तिच्यावर सीएफएच्या तीन लेव्हल चढवून सुरुवातीच्या टप्प्यातल्या गुंतवणुकीत फारसा फरक पडत नाही, लिस्टेड शेअर किंवा बॉण्डच्या फंडात जायचं असेल तर मात्र पडतो आणि तिथे ती नक्की करा. एमबीए ओळखींसाठी उपयोगी आहे, पण तेवढा पैसा आणि दोन वर्षं घालायची तर अशाच ठिकाणी, जिथून फंड दरवर्षी माणसं घेतात, नाहीतर नको. ऑनलाइन कोर्समधून शब्द कळतात, टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटी), कॅप टेबल (कुणाकडे किती शेअर), लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली किंवा बंद झाली तर आधी पैसे कुणाला), आणि तेवढ्यासाठी एक महिना पुरतो. त्या दोन वर्षांत एखाद्या वीस-तीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये फायनान्स सांभाळलंत, गुंतवणुकीची एक राउंड उभारताना डेटा रूम, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायची कागदपत्रं, स्वतः लावलीत, तर ते मला या तिन्हींपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

प्रश्न: मुलाखतीत केस दिली होती, एका सबस्क्रिप्शन कंपनीचे दोन वर्षांचे आकडे, आणि म्हणाले इन्व्हेस्टमेंट मेमो लिहा. मी अकरा पानं लिहिली, सगळ्या रिस्क काढल्या, एकही सोडली नाही. रिजेक्ट झालो. काय चुकलं हे कुणी सांगितलं नाही.

उत्तर: अकरा पानांत तुम्ही पैसे घालायचे की नाही ते कुठे लिहिलंत का? तुमच्या पत्रात तरी ते नाहीये, आणि मला वाटतं तिथेच गडबड झाली. तुम्ही ऑडिटचा रिपोर्ट लिहिलात. मेमो म्हणजे निर्णय असतो, आणि पहिल्या परिच्छेदातच तो यावा लागतो, घालावे किंवा घालू नयेत, किती, कुठल्या किमतीला. मग ही कंपनी मोठी व्हायची असेल तर कुठल्या तीन गोष्टी खऱ्या ठरायला हव्यात ते. मग त्या तीनपैकी आज काय खरं दिसतंय आणि काय अजून माहीत नाही. रिस्कसुद्धा याच तिघींना लटकवायच्या, वीस रिस्क सारख्याच वजनानं लिहिल्या की वाचणाऱ्याला कळत नाही कुठली जीव घेणारी आहे आणि कुठली दुरुस्त होणारी. आपल्याकडे मटेरियालिटी म्हणतात ना, म्हणजे कुठली गोष्ट निर्णय बदलण्याइतकी मोठी आहे, तीच इथे लावा.

पण तुमचा खरा हातखंडा आकडे पुन्हा बांधण्यात आहे आणि तो मेमोत दिसलाच पाहिजे. साधं उदाहरण घ्या. एका ग्राहकानं १ जूनला १२ लाखांचा वार्षिक करार केला आणि सगळे पैसे आगाऊ दिले. संस्थापक सांगेल १२ लाखांचं बुकिंग झालं. बँकेत १२ लाख दिसतील. एआरआर, म्हणजे वर्षाचं पुन्हा पुन्हा येणारं उत्पन्न, म्हणून १२ लाख लिहिला जाईल. डिसेंबरअखेर तुमच्या पुस्तकात उत्पन्न ७ लाख आणि डिफर्ड रेव्हेन्यू, म्हणजे पैसे आलेत पण सेवा अजून द्यायचीय ते, ५ लाख. चारही आकडे खरे आहेत, पण चारही वेगळं बोलतात, आणि पिच डेकमध्ये (गुंतवणूकदारांसमोरच्या सादरीकरणात) यातला कुठला घेतलाय हे नेहमी लिहिलेलं नसतं. एआरआर हा आकडा कुठल्याच अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये नाही, त्यामुळे त्याची व्याख्या जो तो आपल्या सोयीनं करतो. तुम्ही विचारा, ट्रायलवाले धरलेत का, नोटीस दिलेले ग्राहक काढलेत का.

ग्रॉस आणि नेटचा घोळ तर त्याहून मोठा. सवलतीची कूपनं विकणाऱ्या ग्रुपॉननं २०११ मध्ये शेअर बाजारात यायच्या आधी आपले आकडे बदलले, कूपनचे सगळे पैसे आधी उत्पन्नात धरत होते, मग व्यापाऱ्याचा वाटा वजा करून फक्त स्वतःचा धरायला लागले, आणि २०१० चं उत्पन्न ७१.३ कोटी डॉलरवरून ३१.३ कोटी डॉलरवर आलं. धंदा तोच, ग्राहक तेच, अर्ध्याहून जास्त उत्पन्न एका व्याख्येत गेलं. अकाउंटंटला हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत सुचतो, प्रिन्सिपल की एजंट, म्हणजे कंपनी स्वतः विकते की दुसऱ्याच्या वतीनं, बाकीच्यांना तो सुचेलच असं नाही.

मी स्वतः अशा केसमध्ये सगळ्यात आधी एक शीट करते. इन्व्हॉइसची यादी मागायची, उभ्या रांगेत ग्राहक, आडव्या रांगेत महिने, प्रत्येक चौकटीत त्या महिन्याचे पैसे, आणि ग्राहक पहिल्या इन्व्हॉइसच्या महिन्यानुसार लावायचे. मग वरून खाली बघत जायचं. एकूण उत्पन्न दर महिन्याला वाढतंय असं दिसत असतं, पण शीटमध्ये दिसतं की मागच्या जानेवारीत आलेल्या शंभरातले साठ ग्राहक वर्षात निघून गेलेत आणि नवे आणायला खर्च वाढतोय म्हणून ती वाढ दिसतेय. कधी उलटही निघतं, एकूण आकडा छोटा आहे पण आलेला ग्राहक जातच नाही, उलट दुसऱ्या वर्षी जास्त पैसे देतोय. अशी कंपनी सापडली की मी पार्टनरच्या मागेच लागते. ते सापडवणं हे तुमचं काम आहे, आणि तेवढ्यासाठी अकरातली तीन पानं खर्च झाली तरी चालतील.

आणि हो, साधे प्रश्न विचारायला लाजू नका. थेरानोस या रक्त तपासणीच्या कंपनीनं गुंतवणूकदारांकडून ७० कोटी डॉलरहून जास्त उभे केले, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकानं जी तक्रार दाखल केली तिच्यात म्हटलंय की २०१४ मध्ये १० कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न होईल असं कंपनी सांगत होती आणि प्रत्यक्षात आलं १ लाख डॉलरच्या थोडं वर. एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाल्यावर दिवाळखोरीत सूत्रं हातात घेणाऱ्या जॉन रे यांनी अमेरिकी संसदेसमोर सांगितलं की अब्जावधी डॉलरची ती कंपनी क्विकबुक्स या छोट्या धंद्यांच्या सॉफ्टवेअरवर हिशोब ठेवत होती. ऑडिट झालेली स्टेटमेंट्स दाखवा, बँक रिकन्सिलिएशन दाखवा, हे विचारणारा माणूस टीममध्ये असणं किती गरजेचं आहे याच्यासाठी अजून पुरावा कशाला हवा.

प्रश्न: मी ४१ वर्षांचा आहे, एका उत्पादन कंपनीत फायनान्स हेड. ओळखी भरपूर आहेत, बरेच उद्योजक मित्र पैसे द्यायला तयार आहेत. स्वतःचाच छोटा फंड काढू का?

उत्तर: काढू शकता, पण आधी फीचं गणित मांडा. समजा २० कोटींचा फंड, २ टक्के मॅनेजमेंट फी, म्हणजे वर्षाला ४० लाख. त्यात ऑडिट, वकील, ॲडमिनिस्ट्रेशन, रजिस्ट्रेशन, प्रवास, एक असोसिएट, आणि मग तुमचा पगार. म्हणजे काही वर्षं जवळजवळ बिनपगारी. शिवाय फंडात तुम्हाला स्वतःचेही पैसे घालावे लागतात, १-२ टक्के तरी एलपी धरूनच चालतात, कित्येक जण जास्त मागतात. आणि मित्र तोंडी हो म्हणतात त्यातले सगळे सही करत नाहीत, हे मनाला लावून घेऊ नका पण आकड्यात धरा.

मला विचाराल तर आधी एकेका डीलसाठी एसपीव्ही, म्हणजे त्या एकाच गुंतवणुकीपुरती वेगळी संस्था, करा, तीन-चार मित्र मिळून एका कंपनीत, दोन-तीन वर्षांत असे पाच-सहा व्यवहार. तुमची निवड कशी आहे, कंपनी अडचणीत आली की तुम्ही फोन उचलता का, हिशोब वेळेवर पाठवता का, हे सगळं त्यांना दिसतं आणि तेच तुमचं ट्रॅक रेकॉर्ड. दुसऱ्याचा पैसा गोळा करायचे नियम प्रत्येक देशात वेगळे आणि कडक असतात, त्यामुळे पहिल्या एसपीव्हीआधी फंडाचं काम करणारा वकील गाठा, नेहमीचा कंपनी वकील नाही. वयाचं टेन्शन घेऊ नका, पेमेंट अडकलेला कारखाना चालवून बघितलेला माणूस संस्थापकांना हवाच असतो.

प्रश्न: मी एका फंडात फायनान्स बघतो, दोनच वर्षं झालीत. एका कंपनीकडे पाच महिने पुरतील एवढेच पैसे राहिलेत, नवी राउंड जमत नाहीये. पार्टनर म्हणतायत शेवटच्या राउंडच्या भावानंच व्हॅल्यू ठेव, कारण पुढचा फंड उभारतोय. नोकरीही टिकवायचीय. काय करू?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अशा वेळी पोटात गोळा येतो ते मला माहितीये.

आधी नियमांची बाजू पक्की करून घ्या, म्हणजे बोलताना आवाज स्थिर राहील. या गुंतवणुका फेअर व्हॅल्यूनं दाखवायच्या असतात, आंतरराष्ट्रीय पद्धतीत आयएफआरएस १३ किंवा अमेरिकन पद्धतीत एएससी ८२० या हिशोबाच्या नियमानुसार, आणि दोन्हीकडे प्रश्न तोच, मोजणीच्या तारखेला बाजारातल्या दोन जाणत्या माणसांमध्ये हा व्यवहार कितीला झाला असता. आज, दीड वर्षापूर्वी नाही. अशा खासगी गुंतवणुकींची किंमत ठरवण्यासाठीच्या आयपीईव्ही गाइडलाइन्सच्या २०१८ च्या आवृत्तीनं तर शेवटच्या राउंडची किंमत ही वेगळी पद्धत म्हणून धरणंच बंद केलं, ती सुरुवातीचा आधार म्हणून घ्यायची आणि त्यानंतर काय बदललं ते त्यात लावायचं. संपत आलेले पैसे आणि न जमणारी राउंड हा बदलच आहे. मोठ्या फंडांनाही हे करावं लागतं, एफटीएक्स कोसळताना सिक्वोयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली २१.३५ कोटी डॉलरची गुंतवणूक सरळ शून्यावर आणली आणि आपल्या गुंतवणूकदारांना तसं पत्र लिहिलं.

माझ्यावर असा प्रसंग आला तेव्हा मी पहिली चूक ही केली की जाऊन म्हटलं, हे बरोबर नाही. पार्टनर चिडले, आठ दिवस कामापुरतंच बोलत होते. दुसऱ्यांदा मी मेमो घेऊन गेले, तीन शक्यता मांडलेल्या, राउंड जुन्या भावाला झाली तर, निम्म्या भावाला ब्रिज (पुढच्या राउंडपर्यंत तगवणारी छोटी गुंतवणूक) झाला तर, आणि कंपनी बंद झाली तर, प्रत्येकीला किती शक्यता धरली आणि का, आणि लिक्विडेशन प्रेफरन्समुळे आमच्या वाट्याला प्रत्येक वेळी काय येतं. शेवटी जो आकडा आला तो जुन्या किमतीच्या ४० टक्के होता. त्यावर आम्ही भांडलो, त्यांनी ब्रिजची शक्यता वाढवायला सांगितली, ज्यांच्याशी बोलणं चाललेलं त्या गुंतवणूकदाराचा ईमेल दाखवला, तो मला पटला, आणि आम्ही ४८ टक्क्यांवर थांबलो. ते माझ्या मताविरुद्ध गेलं असं मला वाटत नाही, कारण त्यांच्याकडे पुरावा होता.

तुम्हीही तेच करा. मेमो तिमाही संपायच्या आत लिहा आणि त्यावर तारीख घाला. कंपनीचा मासिक रिपोर्ट, बँक बॅलन्स, राउंडसाठी कुणाकुणाशी बोलणं झालं ते सगळं सोबत लावा. व्हॅल्युएशन कमिटी असेल तर तिच्यापुढे ठेवा, नसेल तर सगळ्या पार्टनर्सना एकाच ईमेलवर पाठवा. पार्टनर जो आकडा सांगतील त्याला आधार मागा, नम्रपणे, लेखी, आणि आधार मिळाला तर आकडा बदला. आधार न देता फक्त सही कर म्हणाले तर सही करू नका, आणि त्या दिवसापासून दुसरी नोकरी शोधायला लागा, कारण ऑडिटर हा प्रश्न विचारणारच आहेत आणि तेव्हा कागदावर नाव तुमचं असेल. तुमची तिमाही संपायला किती दिवस राहिलेत ते पत्रात नाहीये, म्हणून आज रात्रीच मेमो लिहायला घ्या, आणि काय झालं ते मला नक्की कळवा.